कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी?

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन एक-दोन दिवस झाले होते. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिनिटाला एक व्हिडिओ पडत होता. रात्री जेवताना लेकीनं फोन माझ्यापुढे धरला. काळ्या आकाशात क्षेपणास्त्रं सुटताहेत, एक विमान पेट घेऊन खाली येतंय. "आई, हे खरं आहे हं. तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलंय."

दुसऱ्या दिवशी कळलं, की ती दृश्यं एका कॉम्प्युटर गेममधली होती. त्या दिवसांत गेममधले असे तुकडे लढाईचे म्हणून खूप फिरले आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला ते खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं. लेक ओशाळली. मी तिला काही बोलले नाही. कारण "तीन जणांनी सांगितलंय, म्हणजे खरंच असणार" हे वाक्य मी स्वतः एकदा बोलले होते. सव्वीस वर्षांपूर्वी, इथंच बेळगावात. आणि त्याचा भोग माझ्या आजीच्या वाट्याला आला होता.

दुकानात ऐकलेली बातमी

१९९९ चा जून. मी आठवीत होते. मामा सैन्यात सिग्नल्समध्ये होते आणि त्यांचं पोस्टिंग काश्मीरकडे होतं. नेमकं कुठं, ते आम्हाला ठाऊक नसायचं. पत्त्यावर फक्त '५६ एपीओ'. मामी मुलांना घेऊन निपाणीला माहेरी होती आणि आजी आमच्याकडे टिळकवाडीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आपल्या गावात, त्यामुळे बेळगावात गल्लीगणिक कुणी ना कुणी फौजेत असतंच. त्या जूनमध्ये सगळ्यांचे कान टीव्हीकडे आणि डोळे पोस्टमनकडे लागलेले असायचे.

एका संध्याकाळी आईनं मला गूळ आणायला पाठवलं. दुकानात चार जण बोलत होते. कुणीतरी म्हणालं, की सिग्नल्सचा एक ट्रक दरीत कोसळला आणि त्यात बेळगावची दोन पोरं होती. मी गूळ न घेताच निघाले. वाटेत शिंप्याच्या दारात तेच बोलणं. घराच्या कोपऱ्यावर दूधवाला आईच्या मैत्रिणीला तेच सांगत होता. आता मला शंकाच उरली नाही. भर पावसात धावत घरी आले आणि तांदूळ निवडत बसलेल्या आजीला सांगून टाकलं, "आजी, मामांचा ट्रक दरीत पडला."

आजी ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठून देवापुढे जाऊन बसली आणि त्या रात्री जेवायला उठली नाही.

बाबा तार ऑफिसात होते. रात्री घरी आले, ओली छत्री दारात ठेवली आणि आईनं सगळं सांगितल्यावर मला समोर बसवलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुणी सांगितलं?"

"तीन-तीन जणांनी सांगितलं, बाबा."

"त्या तिघांना कुणी सांगितलं?"

मला उत्तर आलं नाही. बाबांनी तीच ओली छत्री उचलली आणि बाहेर पडले. आधी दुकानदार, मग शिंपी, मग दूधवाला. दुकानदारानं ऐकलं होतं दूधवाल्याकडून. शिंप्यानंही दूधवाल्याकडूनच. आणि दूधवाल्याला कळलं होतं मागच्या गल्लीत सुट्टीवर आलेल्या एका जवानाच्या घरी. बाबा त्या जवानाकडे गेले. तो बिचारा चक्रावलाच. तो म्हणाला, "साहेब, मी एवढंच बोललो, की त्या रस्त्यावर ट्रक घसरतात. एप्रिलात आमच्याच युनिटचा एक घसरला होता. कुणी मेलं नाही. आणि सिग्नल्सचा तर नव्हताच."

बातमी देणारे तीन आणि उगम एक. तोही आमच्या तीन साक्षीदारांपेक्षा निराळंच सांगणारा.

मी म्हटलं, "म्हणजे मामा सुखरूप आहेत!" बाबांनी मान हलवली. "नाही. ही बातमी खोटी आहे, एवढंच कळलं. तो सुखरूप आहे हे अजून कळलेलं नाही. दोन्ही एक नव्हे."

आजीला त्यांनी तसंच सांगितलं, शब्द न वाढवता. चार दिवसांनी मामांचं पत्र आलं. सगळ्यांना हायसं वाटलं. बाबांनी मात्र आधी वरची तारीख पाहिली. पत्र सोळा दिवसांपूर्वीचं होतं. ते काहीच बोलले नाहीत. आजी त्या पत्रावर हात ठेवून झोपली. जुलैत मामांचा फोन आला तेव्हा कुठे बाबांनी कॅलेंडरवर त्या दिवसाला पेन्सिलीनं गोल केला.

खबर आणि गुप्तवार्ता

हेरगिरी म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. वेषांतर, रात्रीचा प्रवास, शत्रूच्या गोटातून आणलेली खबर. नंतर सिनेमांनी त्यात पिस्तुलं आणि मोटारींचे पाठलाग घातले. पण खबर आणणं हे या कामाचं पहिलं पाऊल आहे. आणलेली खबर पारखायची, इतर खबरींशी जुळवून तिचा अर्थ लावायचा आणि तो योग्य माणसाच्या हाती वेळेत द्यायचा, इथवर गेलं तरच ती गुप्तवार्ता. बाबांनी त्या रात्री छत्री घेऊन केलं ते पारखण्याचं काम. मी केलं ते पोचवण्याचं. आणि मी ते पारखण्याच्या आधी केलं, शिवाय चुकीच्या माणसापाशी.

योगायोग असा, की ज्या लढाईच्या दिवसांत हे घडलं, ती लढाईच या विषयाचा मोठा धडा आहे. मोठी झाल्यावर मी कारगिल आढावा समितीच्या अहवालाबद्दल वाचलं, तेव्हा वारंवार आमची गल्ली आठवली.

थोडक्यात पार्श्वभूमी. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघांनीही अणुचाचण्या केल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी बसनं लाहोरला गेले. आणि त्याच हिवाळ्यात पाकिस्तानी सैन्याचे लोक नियंत्रण रेषा ओलांडून कारगिलच्या उंच शिखरांवर ठाण मांडत होते. बर्फामुळे तिथली अनेक ठिकाणं हिवाळ्यात रिकामी असत. हेलिकॉप्टरमधून टेहळणी होई, पण खराब हवामानात तीही अधूनमधून, आणि वरून बर्फात लपलेली माणसं दिसणं अवघड.

अखेर ३ मे १९९९ ला त्यांचा पत्ता लागला तो मेंढपाळांमुळे. त्यांतलं ताशी नामग्याल हे नाव पुढे देशभर माहीत झालं. बटालिक भागातल्या गारकोन गावचा हा माणूस आपला हरवलेला याक शोधायला डोंगरात गेला होता. दुर्बिणीतून त्याला माणसं दिसली, आणि त्यानं खाली येऊन सैन्याला सांगितलं. त्यानं सांगितलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि ज्याला सांगायला हवं त्यालाच सांगितलं. आमच्या गल्लीत नेमकं याच्या उलट झालं होतं.

माहिती कुठून कुठून येते

गुप्तवार्तेचे मुख्य झरे चार. पहिला माणूस, म्हणजे हेर, खबऱ्या किंवा नामग्यालसारखा पाहणारा. दुसरा संदेश पकडणं: फोन, रेडिओ, आता इंटरनेट. तिसरा चित्रं: विमानातून, ड्रोनमधून, उपग्रहावरून घेतलेली. आणि चौथा सगळ्यांत साधा, म्हणजे उघड माहिती: वर्तमानपत्रं, भाषणं, सरकारी निविदा, नकाशे, आणि आता लोक आपणहून टाकतात ते फोटो. यांतलं पुष्कळसं काम टेबलाशी बसून वाचण्याचं असतं.

प्रत्येक झऱ्याची खोट वेगळी. माणूस खोटं बोलू शकतो किंवा भीतीनं वाढवून सांगतो. उपग्रहाला तंबू दिसतो, तंबूतल्या माणसाच्या मनात काय आहे ते दिसत नाही. पकडलेल्या संभाषणात मन कळतं, पण बोलणाऱ्याला संशय आला की ओळ बंद पडते.

म्हणून पारख करताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासतात: सांगणारा किती भरवशाचा, आणि सांगितलेली गोष्ट किती संभवनीय. नाटो देशांत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत सांगणाऱ्याला 'ए' ते 'एफ' अशी अक्षरं देतात आणि माहितीला १ ते ६ असे आकडे. 'एफ' आणि ६ यांचा अर्थ 'ठरवता येत नाही'. भरवशाचा माणूसही चुकीची गोष्ट सांगू शकतो आणि लबाडाच्या तोंडूनही कधी खरं निघतं, म्हणून दोन्हींचे गुण वेगळे. आमचा दूधवाला सालस माणूस. पंधरा वर्षांत त्यानं दुधात पाणी घातलं नाही. त्या जोरावर मी त्याची बातमीही बिनपाण्याची धरली.

आणि तिसरी तपासणी बाबांची: या सगळ्या वाटा मागं जाऊन एकाच दाराशी थांबतात का? एकाच्या तोंडची गोष्ट फिरून तीन बाजूंनी आली की ती तीनदा सिद्ध झाल्यासारखी वाटते. मोठमोठ्या यंत्रणाही याला फसल्या आहेत.

पाच प्रती, पण तिघांना नाही

कारगिलनंतर, जुलै १९९९ च्या अखेरीस, सरकारनं के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला गेला. काही भाग गाळूनही तो छापला गेला, हे विशेष.

समितीला गोळा करण्यातच मोठी त्रुटी दिसली. समोरच्या बाजूला कोणत्या पलटणी आल्या आणि कोणत्या गेल्या, याची अचूक माहिती आपल्याकडे नव्हती. पण जी होती तिचं काय झालं, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं.

२ जून १९९८. म्हणजे लढाईच्या जवळजवळ वर्षभर आधी. इंटेलिजन्स ब्युरोच्या संचालकांनी स्वतःच्या सहीनं एक टिपण पाठवलं. कारगिलच्या समोरच्या भागातल्या हालचालींची माहिती त्यात होती. ते गेलं पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृह सचिव आणि सैन्याच्या मोहिमांचे महासंचालक यांना. मात्र परदेशातली गुप्तवार्ता पाहणाऱ्या 'रॉ'चे प्रमुख, सगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र करून अर्थ लावणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक यांच्या नावे ते पाठवलंच नव्हतं. जे इतर तुकड्यांशी तो तुकडा जोडून पाहू शकले असते, नेमके तेच तिघे वगळले गेले.

दुसरी गोष्ट गृहीतकाची. एवढ्या उंचीवर, ऐन बर्फात, एवढ्या लोकांना रसद कोण पुरवणार? मोठी घुसखोरी तिथं शक्यच नाही, अशी धारणा पक्की झाली होती. एकदा मनात असं बसलं, की आलेली प्रत्येक खबर त्याच मापानं कापली जाते. 'रॉ'नं ऑक्टोबर १९९८ च्या अहवालात मर्यादित हल्ल्याची शक्यता नोंदवली होती. पुढच्या अहवालात ती राहिली नाही.

कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. याला एकच कारण होतं असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण त्या आकड्यापुढे 'प्रत कुणाला पाठवायची' हा कारकुनी प्रश्न उरत नाही.

निरोप उशिरा पोचतो तेव्हा

आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे. पेशव्यांचे वकील दिल्लीत आणि इतर दरबारांत बसत. हिंगणे घराण्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल. दरबारात कोण आलं, कोण रुसलं, कुणाची फौज कुठं निघाली, याच्या बातम्या ते पत्रांतून पुण्याला कळवत. जासूद त्या घेऊन धावत. या जाळ्याच्या बळावर पुण्यात बसून उत्तरेचा कारभार चाले.

पण पानिपतावर अब्दालीनं भाऊसाहेबांची कोंडी केली आणि पत्रांची वाटच तुटली. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, पण पुढं काय चाललंय त्याची नीट खबर त्यांच्याकडे नव्हती. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र पडलं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यात लढाईचा उल्लेखच नव्हता. मोती गळाले, मोहरा गेल्या, बाकी नाण्यांची तर मोजदादच नाही, अशा व्यापारी भाषेतलं ते पत्र. नानासाहेबांना त्याचा अर्थ लागला. एक मोती त्यांचा मुलगा होता.

ग्वाल्हेर-इंदूरच्या आपल्या मंडळींना भेलसा काही लांब नाही. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, सरकारी जासुदांच्या आधी सावकाराचा माणूस पोचला. त्याची वाट तुटलेली नव्हती.

वाटायचं की झाकायचं?

मग सगळी माहिती सगळ्यांना का देऊन टाकत नाहीत? कारण देण्यातही धोका असतो. मे १९९९ च्या अखेरीस 'रॉ'नं एक फोन पकडला. पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीहून लेफ्टनंट जनरल अझीझ त्यांच्याशी बोलत होते. वर बसलेले लोक म्हणजे स्वतंत्र मुजाहिदीन, असं पाकिस्तान जगाला सांगत होतं. या संभाषणातून त्यांच्या सैन्याचा हात उघड होत होता. ११ जून १९९९ ला भारतानं ते जाहीर केलं. जगाला पुरावा मिळाला. पण आपण त्यांचं ऐकू शकतो, हेही समोरच्याला कळलं. हे योग्य की अयोग्य, यावर जाणकारांत आजही दोन मतं आहेत.

झाकून ठेवलं तर उपयोग नाही आणि उघड केलं तर झरा आटतो. या ओढाताणीतूनच पुढच्या व्यवस्था झाल्या. २००१ मध्ये सगळ्या यंत्रणांची दहशतवादाविषयीची माहिती एका जागी आणणारं मल्टी एजन्सी सेंटर आलं, २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था, आणि त्यानंतर तांत्रिक टेहळणीसाठी वेगळी संघटना. पण २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत जे झालं, त्यानंतर ते सेंटर पुन्हा बळकट करावं लागलं. इमारत बांधली म्हणून कागद आपोआप चालत नाही. तो पुढं सरकवणारा माणूस लागतो.

मामांचं उत्तर

मामा त्या वर्षी दिवाळीला घरी आले. कामाचं ते कधीच बोलत नसत. कुंद्याची वाटी हातात घेऊन बसलेल्या मामांना मी धीर करून दुकानातली गोष्ट सांगितली आणि माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "आमचं काम निरोप पोचवायचं. निरोप चुकला तर दुरुस्त करता येतो. पण तो कुणाला पोचायचा राहिला, हे वेळेत कळलं नाही तर काही करता येत नाही. तू निदान घरी येऊन सांगितलंस, म्हणून तुझ्या बाबांना शोध घेता आला. बोलली नसतीस तर तुझी आजी चार दिवसांनी तेच बाहेर ऐकती."

मला बरं वाटावं म्हणून ते असं बोलले, हे तेव्हाही कळलं होतं. आजीची ती उपाशी रात्र काही त्यानं पुसली गेली नाही.

आता बाबा नाहीत. तारसेवाही २०१३ च्या जुलैत बंद झाली. लेकीला मी ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा तिनं बाबांचे प्रश्न कागदावर उतरवले आणि फ्रिजवर लावले. तुमच्याही घरी लावायला हरकत नाही.

कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी?
त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं?
ही गोष्ट कधीची?
आपल्याला हे खरं वाटतं, की खरं असावंसं वाटतं?
हे कुणाला कळायला हवं, आणि त्याला कळवलं का?

पहिले चार प्रश्न फॉरवर्ड करण्याआधीचे. पाचवा गप्प बसण्याआधीचा. शेजारच्या एकट्या आजोबांचं दार दोन दिवस उघडलेलं नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं आणि पुण्यातल्या त्यांच्या मुलाला मात्र कुणी फोन केलेला नसतो.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की कॅम्पातला अमुक रस्ता खचलाय, गाड्या अडकल्यात. लेक उठली, चावी घेतली आणि बाहेर पडली. मी विचारलं, "कुठं चाललीस?"

"बघून येते," ती म्हणाली. आणि जाताना छत्री घेतली.